सांध्यातील अस्मिता : इसामु नोगुची यांच्या फर्निचर-रचनांचा विचार

मिश्रवंशीय लेखकाच्या संहितेचा अभ्यास करताना तौलनिक साहित्याभ्यासाचे लक्ष साहजिकच भाषा, नाव आणि निवेदकाचे स्थान यांकडे जाते. घरगुती वापराच्या वस्तूंकडे ते क्वचितच वळते. वास्तविक मेज, खुर्ची किंवा दिवा घडवताना भिन्न परंपरांतील सामग्री व कारागिरी एकत्र आणाव्या लागतात, आणि त्या एकमेकींचा भार पेलतात की नाही हे वापरातच सिद्ध होते. या दृष्टीने शिल्पकार इसामु नोगुची (१९०४–१९८८) यांच्या रचना विशेष उद्बोधक आहेत.

नोगुची यांचे वडील जपानी कवी योने नोगुची. चीनवरील जपानी आक्रमणाच्या प्रश्नावर १९३८ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारामुळे भारतीय अभ्यासकांना ते परिचित आहेत. आई लिओनी गिल्मर या अमेरिकन लेखिका. योने यांच्या इंग्रजी लेखनाचे संस्करण त्या करीत. योने जपानला परतल्यानंतर लॉस एंजेलिस येथे इसामु यांचा जन्म झाला. १९०७ मध्ये ते आईसह जपानला गेले, तर १९१८ मध्ये त्यांना शिक्षणासाठी एकट्यानेच इंडियाना राज्यात पाठवण्यात आले. तेथील शाळेत ते ‘सॅम गिल्मर’ होते. शिल्पकार म्हणून वावरू लागल्यावर त्यांनी वडिलांचे आडनाव स्वीकारले. १९३१ च्या जपानभेटीपूर्वी मात्र, हे आडनाव लावून येऊ नये, असे वडिलांनीच त्यांना कळवले होते. दोन्ही देशांत त्यांच्या नावालाच अशी अट लागू होती.

ही अट १९४२ मध्ये शासकीय झाली. अमेरिकी शासनाच्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना स्थानबद्ध करण्यात आले. न्यूयॉर्कनिवासी नोगुची यांना हा आदेश लागू नव्हता. तरीही ते स्वेच्छेने ॲरिझोनातील पोस्टन छावणीत गेले. तेथे उद्याने व क्रीडांगणे उभारण्याचे आराखडे त्यांनी केले. ते प्रत्यक्षात आले नाहीत. आपण ‘निसेई’, म्हणजे जपानी स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीतले, कसे झालो याविषयी त्यांनी लिहिलेला निबंधही त्या काळी अप्रकाशित राहिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ते छावणीबाहेर पडले.

त्यांच्या सुप्रसिद्ध मेजाचा इतिहास याच काळाशी जोडलेला आहे. आपल्या पूर्वीच्या एका मेजाच्या रचनेशी मिळतीजुळती दुसऱ्याची रचना जाहिरातीत आलेली त्यांना छावणीत असताना दिसली. प्रत्युत्तर म्हणून त्यांनी नवी रचना केली. हर्मन मिलर कंपनीने ती १९४७ पासून उत्पादनात आणली. या मेजाला लाकडाचे दोन एकसारखे वक्र तुकडे आहेत. त्यांपैकी एक उलटा करून दुसऱ्याशी एका खुंटीने जोडलेला असतो आणि जाड काच केवळ स्वतःच्या वजनावर त्यांवर विसावते. यातील कोणताही तुकडा पाया नाही आणि कोणताही अलंकार नाही. एकटा तुकडा उभाही राहू शकत नाही. ‘पूर्व’ व ‘पश्चिम’ अशी चिन्हे शोधणाऱ्या वाचनाला येथे काहीच हाती लागत नाही. काच पारदर्शक असल्याने सांधा मात्र सतत दृष्टीस पडतो.

१९५० मध्ये जपानमध्ये इसामु केनमोची यांच्या सहकार्याने केलेल्या खुर्चीत विणलेल्या बांबूची बैठक आणि लोखंडी सळ्यांचे पाय एकत्र आले. तिचे व्यापारी उत्पादन झाले नाही. १९५१ मध्ये गिफू येथील कंदिलांचा व्यवसाय सावरण्याच्या विनंतीवरून ‘आकारी’ दिव्यांची मालिका सुरू झाली. तुतीच्या सालीचा कागद आणि बांबूच्या कामट्या पारंपरिकच राहिल्या. मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आला आणि आकार स्वतंत्र झाले. याच सुमारास हिरोशिमा येथील मृतांच्या स्मारकासाठी त्यांनी केलेली रचना नाकारली गेली. त्यांचे अमेरिकन असणे त्यास कारण ठरले, असे सामान्यतः मानले जाते. स्मारकासाठी परके ठरलेले हात कंदिलासाठी चालले, ही विसंगती दुर्लक्षिता येत नाही. राष्ट्रीय स्मृतीच्या वस्तूला ‘शुद्ध’ कर्ता लागतो. घरगुती वस्तूला तो लागत नाही. १९८६ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत अमेरिकेचे प्रतिनिधित्व करताना नोगुची यांनी हेच कागदी दिवे शिल्प म्हणून मांडले, तेव्हा ही श्रेणीही प्रश्नांकित झाली.

होमी भाभा यांनी ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ (१९९४) मध्ये मांडलेली संकरतेची संकल्पना अशा रचनांना सहज लागू करता येते. तथापि चरित्र हीच वस्तूची किल्ली मानल्यास मेज हे जन्मदाखल्याचे चित्र होऊन बसेल; वंशावरून माणसाची वर्गवारी करणाऱ्या शासनापेक्षा असे वाचन फारसे वेगळे ठरणार नाही. मिश्र अस्मितेला ‘संगम’ म्हणण्याची सवय आपल्याकडे दृढ आहे. संगमात प्रवाह एकमेकांत विरतात. नोगुची यांच्या मेजात दोन्ही तुकडे वेगळेच राहतात, परस्परांवर टेकतात आणि त्या टेकण्यातूनच तिसऱ्या वस्तूचा भार पेलतात. मिश्रवंशीय लेखनाच्या अभ्यासातही कोणता अंश कोणाचा यापेक्षा सांधा कोठे आहे आणि तो काय पेलतो, हा प्रश्न अधिक फलदायी ठरावा.