लग्न तर खरं आहे, पण कागदावर दाखवायचं कसं? अमेरिकेच्या स्पाऊस व्हिसासाठी नात्याचे पुरावे

समजा, मुलगी सांगलीची आणि मुलगा न्यू जर्सीचा, अमेरिकन नागरिक. आत्याच्या ओळखीतून स्थळ आलं, बायोडेटा व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे गेले, दोन महिने व्हिडिओ कॉल झाले. दिवाळीत तो आला तेव्हा पाहण्याचा कार्यक्रम आणि साखरपुडा एकाच आठवड्यात उरकला. डिसेंबरात लग्न, सातशे पान उठलं. तीन आठवड्यांनी नवरदेव परत विमानात.

तिकडे जाऊन त्याने बायकोसाठी आय-१३० नावाचा अर्ज भरायला घेतला आणि पुराव्यांच्या यादीपाशी येऊन अडकला. दोघांच्या नावावरची मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्रित आर्थिक व्यवहार, मुलांचे जन्मदाखले. यातलं एकही यांच्याकडे नाही. असणार तरी कुठून? तीन आठवड्यांतले दहा दिवस तर पाहुण्यांत गेले.

घरचे म्हणतात, "आठशे फोटोंचा अल्बम आहे, मॅरेज सर्टिफिकेट आहे, आणखी काय पाहिजे?" बऱ्याच फाइली इथेच कच्च्या राहतात.

आधी एक खुलासा. नवरा एच-१बी वर असेल आणि बायको एच-४ वर जाणार असेल, तर एवढा खटाटोप सहसा लागत नाही. आपण बोलतोय ते कायमस्वरूपी जाण्यासाठीच्या व्हिसाबद्दल. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल तर या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ग्रीनकार्डधारक असेल तर रांगेत थांबावं लागतं. पुराव्यांची मागणी मात्र दोन्हीकडे तीच.

अधिकारी नेमकं काय तपासतो?

दोन वेगळ्या गोष्टी. पहिली, लग्न कायदेशीर आहे का. दुसरी, ते लग्न संसार करण्यासाठी झालं की फक्त ग्रीनकार्डासाठी. मॅरेज सर्टिफिकेट पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. अल्बम फार तर एवढंच सांगतो की अमुक दिवशी मोठा समारंभ झाला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वेगळं उभं करावं लागतं, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते.

ही कडक नजर जुनी आहे. १९८६ साली अमेरिकेने खोट्या लग्नांविरुद्ध खास कायदा केला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिथे पोहोचणाऱ्या जोडीदाराला फक्त दोन वर्षांचं, सशर्त ग्रीनकार्ड मिळतं, ते तेव्हापासून. ग्रीनकार्डासाठी खोटं लग्न केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून जड गोष्ट म्हणजे, एकदा हा शिक्का बसला की पुढे खरं लग्न केलं तरी त्या व्यक्तीसाठी असा अर्ज मंजूर होत नाही.

पण अमेरिकेच्या न्यायालयांनी दुसरी बाजूही सांगून ठेवली आहे. १९७५ मध्ये एका कोरियन जोडप्याच्या खटल्यात अपील न्यायालयाने कसोटी ठरवली ती अशी: लग्न करताना दोघांचा एकत्र आयुष्य काढण्याचा इरादा होता का? नंतर ते वेगळे राहिले, एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही. परदेशी माणसाने अमेरिकन नागरिकांपेक्षा जास्त चाकोरीतला किंवा जास्त यशस्वी संसार करावा, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, असंही न्यायालयाने म्हटलं.

म्हणजे ठरवून केलेलं लग्न, थोडा सहवास, मग ताटातूट, यात मुळात संशयास्पद काही नाही. भाडेकरार नसला तरी चालतं. मात्र त्याच्या जागी इरादा दाखवणारं दुसरं काही हवं. आणि आपल्याकडच्या लग्नांत ते भरपूर असतं, फक्त आपण त्याला पुरावा समजत नाही.

आपल्या लग्नात पुरावा कुठे दडलेला असतो?

सुरुवात लग्नाच्या दिवसापासून करू नका, स्थळ आलं त्या दिवसापासून करा. बायोडेटा पाठवल्याचा ईमेल किंवा मेसेज, विवाह मंडळाची किंवा संकेतस्थळाची नोंद, पाहण्याच्या कार्यक्रमाचा मावसभावाने काढलेला एखादा तिरका फोटो, साखरपुड्याच्या हॉलची पावती, मुलाची त्या वेळची विमानाची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के. ठरवून केलेल्या लग्नात दोघांच्या भेटी कमी आणि दोन घरांच्या भेटी जास्त असतात. त्यामुळे घरच्यांचा सहभाग हाच इथे मोठा पुरावा.

लग्नपत्रिका नक्की जोडा. दोन्हीकडच्या आजोबांपासून किलबिल मंडळींपर्यंत सगळ्यांची नावं छापलेला, लग्नाआधी गावभर वाटलेला असा कागद अमेरिकन माणसाकडे नसतो. मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर संपूर्ण व अचूक आहे, आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. हाच नियम अर्जासोबतच्या प्रत्येक मराठी कागदाला.

फोटो आठशे नकोत, पंचवीस-तीस पुरेत. पण प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि फोटोत कोण कोण आहे ते लिहा. "केळवण, मोठ्या काकांचं घर, मिरज, डावीकडून सासूबाई, मी, नणंद" अशी एक ओळ पाच चकचकीत फोटोंचं काम करते. केळवण, हळद, सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन, महाबळेश्वरची सहल असे वेगवेगळे दिवस दिसू द्या. एकाच शालूतले वीस फोटो म्हणजे पुरावा एकाच दिवसाचा.

यानंतरचा काळ जास्त महत्त्वाचा. नवरा परत गेल्यावरचे सहा महिने, वर्षभर, तुम्ही नवरा-बायको म्हणून कसे वागलात? बहुतेकांच्या मनात येतं की चॅट द्यायची तर त्यात प्रेमाची भाषा हवी. तसं काही नाही. "जेवलीस का", "आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला का", "विम्याचा हप्ता भरला, पावती पाठवतो", असे रोजचे साधे मेसेजच संसाराचे असतात, आणि ते एका रात्रीत बसून बनवता येत नाहीत. दर महिन्यातली दोन-तीन पानं निवडा, तारखा दिसतील अशी. सोबत कॉलची यादी द्या. हजार पानांचा गठ्ठा कुणी वाचत नाही. मेसेज मराठीत असोत की इंग्रजी अक्षरांत लिहिलेले "jevlis ka" छापाचे, भाषांतर लागणारच, म्हणून निवडीतच शहाणपणा आहे. खासगी फोटो आणि खासगी गोष्टी देण्याची काहीही गरज नाही. आणि व्हॉट्सॲपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती आजच बंद करा.

पैशाच्या बाबतीत नवऱ्याने बायकोच्या खात्यावर पाठवलेली रक्कम, विम्यात किंवा निवृत्तीच्या खात्यात तिचं नाव वारस म्हणून लावणं, नोकरीच्या ठिकाणी तातडीच्या संपर्कात तिचं नाव देणं, हे सगळं दूर राहूनही करता येतं. मात्र मुलाखतीच्या आठ दिवस आधी उघडलेलं, पाच हजार रुपये पडून असलेलं जोडखातं मला तरी उपयोगाचं वाटत नाही. ते कशासाठी उघडलंय हे कुणालाही कळतं.

एक चूक फार महागात पडू शकते, ती कराच्या विवरणपत्राची. अमेरिकेत ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं असेल, तर करापुरते तुम्ही ते अख्खं वर्ष विवाहित. आपला न्यू जर्सीकर डिसेंबरात लग्न करून गेला आणि एप्रिलमध्ये सवयीने "अविवाहित" म्हणून विवरणपत्र भरून बसला, तर एका सरकारी खात्याला तो विवाहित आहे आणि दुसऱ्याला अविवाहित.

तीन नावांची बायको

मराठी घरांत हा घोळ हमखास होतो. पासपोर्टवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं. काही घरांत तर लग्नात तांदळाच्या ताटात लिहून मुलीचं पहिलं नावही बदलतात, आणि पुढच्या शुभेच्छापत्रांवर, ग्रुपमधल्या मेसेजमध्ये तेच येतं. आपल्याला यात काहीच वाटत नाही. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला मात्र फाइलमध्ये तीन वेगळ्या बायका दिसतात! अर्जात "वापरलेली इतर नावं" असा रकाना असतो, तिथे सगळी नावं द्या आणि सोबतच्या पत्रात दोन ओळींत प्रथा समजावून सांगा. व्हिसाचं काम चालू असताना निम्मे कागद नव्या नावाचे आणि निम्मे जुन्या असं करू नका.

"आधी रजिस्टर करून ठेवू"

वेळ वाचवायला बरेच जण आधी नोंदणी करून अर्ज टाकतात आणि विधी सहा महिन्यांनी करतात. इथे नीट लक्ष द्या. हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी ही झालेल्या लग्नाची नोंद असते. विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं, आणि परदेशी व्हिसासाठी अशी आगाऊ नोंदणी करण्याच्या पद्धतीचा त्या निकालात नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे ज्या दाखल्यावर फाइल उभी आहे तोच पोकळ निघू शकतो. विधींआधी कायदेशीर लग्न हवंच असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करा. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवसांचा रहिवास लागतो, तेव्हा सुट्टीचं गणित आधीच मांडा. आणि मग दोन तारखा का आहेत ते फाइलमध्ये स्वतःहून लिहा, विचारण्याची वाट पाहू नका.

घरचे लग्नाला नव्हतेच, तर?

आंतरजातीय किंवा घरच्यांचा विरोध पत्करून केलेल्या लग्नात सातशे पान उठत नाही. चार साक्षीदार, दोन हार, नोंदणी कार्यालयाच्या जिन्यातला एक फोटो, बस. अशा जोडप्यांना आपली फाइल फिकी वाटते. पण त्यांच्याकडे बहुतेक वेळा दुसरा खजिना असतो: कॉलेजपासूनचे फोटो, वर्षानुवर्षांचे ईमेल, एकमेकांसाठी केलेले प्रवास. आई-वडील का नाहीत हे न लाजता लिहा. न सांगितलेली गोष्ट संशय वाढवते.

इथे ओळखीच्या लोकांची प्रतिज्ञापत्रं कामाला येतात. देणाऱ्याने आपलं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, जोडप्याशी नातं आणि आपल्याला हे सगळं कसं माहीत आहे ते लिहायचं. एकच मजकूर चार जणांच्या सहीने दिला तर तो एकाचाच धरला जाणार. खोलीवरची मैत्रीण स्वतः पाहिलेला एक प्रसंग दोन परिच्छेदांत सांगेल, ते जास्त चांगलं.

एजंटकडून "रेडी फाइल" घेण्याचा मोह टाळा. खऱ्या लग्नात घुसडलेला एक खोटा कागद सापडला तर बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो.

मुलाखत आणि नंतर

अर्ज मंजूर झाल्यावर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि शेवटी मुलाखत होते, महाराष्ट्रातल्यांची सहसा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत. खिडकीसमोर बहुधा बायको एकटीच असते. स्थळ कोणी आणलं, तो कुठे राहतो, घरात कोण कोण आहे, आधीचं लग्न झालं होतं का, असे साधे प्रश्न असतात. पाठांतर करू नका, पण पाठवलेली फाइल एकदा स्वतः वाचून जा. अनेक मुलींनी ती उघडूनसुद्धा पाहिलेली नसते, कारण भरलेली नवऱ्याने किंवा वकिलाने असते. मूळ कागद सोबत न्या.

लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर सशर्त कार्ड मिळेल, आणि त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ अर्जासोबत पुन्हा पुरावे द्यावे लागतील. या वेळी मात्र भाडेकरार, वीजबिल, एकत्र खातं, विवरणपत्र यांचीच अपेक्षा असते, तेव्हा तिथे गेल्याच्या पहिल्या महिन्यापासून कागदांवर दोघांची नावं येऊ द्या.

हा अर्ज एरवी दोघांनी मिळून करायचा असतो. पण संसार खरा होता आणि पुढे घटस्फोट झाला किंवा घरात मारहाण, छळ झाला, तर बायको एकटीही तो करू शकते. "माझ्या सहीशिवाय तुझं कार्ड जाईल" ही धमकी म्हणूनच पूर्ण खरी नाही. त्या वेळी उपयोगी पडते ती हीच फाइल. तिची एक प्रत, मॅरेज सर्टिफिकेट आणि पासपोर्टच्या स्कॅनसह, फक्त तुमच्याकडे पासवर्ड असलेल्या ईमेलवर विमानात बसण्याआधीच पाठवून ठेवा.