मनातील ‘ते’

‘मला राग आला’, ‘मला झोप आली’, ‘मला मोह झाला’ असे आपण मराठीत सहज बोलून जातो. या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाही. राग कोठून तरी येतो व आपल्याला गाठतो. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी मनातील सहजप्रवृत्तींच्या भागाला जे नाव दिले, त्याचे मर्म या रोजच्या बोलण्यावरून चटकन ध्यानात येते.

१९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मी आणि ते’ या अर्थाच्या ग्रंथात फ्रॉइड यांनी मनाचे तीन विभाग मांडले. पहिल्याला त्यांनी जर्मन भाषेतले साधे सर्वनाम योजले : ‘एस’, म्हणजे आपले ‘ते’. हा शब्द त्यांनी गेऑर्ग ग्रोडेक या जर्मन डॉक्टरांकडून घेतला. इंग्रजी भाषांतरात त्याचे लॅटिन ‘इड’ झाले, तर मराठीत संस्कृत ‘इदम्’. नाव भारदस्त झाले. घरगुतीपणा मात्र हरपला.

हे इदम् जन्मापासून आपल्याबरोबर असते. कामप्रेरणा आणि विध्वंसाची ऊर्मी यांचे ते घर. हवे ते आत्ताच हवे, हा त्याचा एकमेव कायदा. यालाच ‘सुखतत्त्व’ म्हणतात. त्याला विसंगती खुपत नाही व काळाचे भान नसते. एकाच माणसाविषयीचे प्रेम आणि द्वेष तेथे शेजारी नांदतात. बालपणीची इच्छा साठाव्या वर्षीही ताजी राहते. बाहेरच्या जगाचा हिशेब ठेवणे हे ‘अहम्’चे काम, आणि चुकल्यास बोल लावणे हे ‘पराहम्’चे.

अहम् हा स्वार आणि इदम् हा घोडा, असा दृष्टान्त फ्रॉइड देतात. बळ घोड्याचे, दिशा स्वाराची. परंतु पुष्कळदा घोडा ओढील तिकडेच स्वाराला जावे लागते, आणि लगाम आपणच वळवला अशी तो स्वतःची समजूत घालतो. ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणत आपण मुलावर हात उगारतो, तेव्हा तो हात उचलला कोणी, हे एकदा तपासून पाहावे.

मग कृत्य ‘त्या’चे असेल, तर दोष आपल्याला का? हा प्रश्न फ्रॉइड यांनी टाळला नाही. स्वप्नांतील दुष्ट इच्छांची जबाबदारीही माणसाने स्वतःचीच मानली पाहिजे, असे त्यांनी १९२५ साली लिहिले. १९३२ मध्ये हॉलंडात बांध घालून झायडर झी हे आखात समुद्रापासून तोडण्यात आले. पाणी हटवून तेथे शेतजमीन मिळवण्याचे काम चालले होते. १९३३ च्या व्याख्यानसंग्रहात फ्रॉइड यांनी मनोविश्लेषणाला याच कामाची उपमा दिली : ‘ते’च्या प्रदेशात ‘मी’ने वावभर जमीन मिळवत जावे.

मेंदूत बोट ठेवून दाखवावी अशी इदम्‌ची जागा नाही, आणि फ्रॉइड यांच्या अनेक मतांवर शास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत. तरीही ‘मला राग आला’ असे म्हणून आपण थांबतो तेथे, ‘कोठून आला?’ एवढे विचारण्याची सवय त्यांनी लावली. हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला, त्याने समुद्रातून वावभर जमीन मिळवली असे म्हणावे.