ज्येष्ठ दांपत्यांची स्वयंसेवा आणि तरुण धर्मप्रचारकांचे इंग्रजी

१८३० साली अमेरिकेत स्थापन झालेल्या मॉर्मन पंथात तरुणांनी काही काळ पूर्णवेळ धर्मप्रचार करण्याची प्रथा आहे. मुलांसाठी ही मुदत २४ महिने, तर मुलींसाठी १८ महिने असते. निवृत्त दांपत्येही स्वखर्चाने सेवेस जातात. परदेशी तरुण प्रचारकांना इंग्रजी शिकण्यास साहाय्य करणे हे त्यांपैकी काहींचे कार्य होय.

असे दांपत्य प्रशिक्षित भाषाशिक्षक असतेच असे नाही. नियमित संभाषण हेच त्याचे साधन. स्पॅनिश भाषकाच्या तोंडी ‘स्कूल’चे ‘एस्कूल’ होते (आपल्याकडील ‘इस्कूल’ आठवावे). येथे नियम सांगण्यापेक्षा न हसता पुनःपुन्हा ऐकून घेणारा श्रोता अधिक उपयोगी पडतो. गुणांकनाचे भय नसल्याने शिकणारा चुकण्यास धजावतो. मायदेशी परतल्यावर उच्च शिक्षण व रोजगार यांसाठी हे इंग्रजी त्याच्या उपयोगी पडते.

हे अध्यापन धर्मांतराचे साधन ठरते काय? येथील विद्यार्थी मुळातच त्या पंथाचे असल्याने दांपत्याच्या कार्यास हा आक्षेप लागू होत नाही. मात्र हेच तरुण सर्वसामान्यांसाठी इंग्रजीचे विनामूल्य वर्ग चालवतात, तेथे तो विचारणे रास्तच आहे.