स्पीकरची पेटी घरी बनवताय? आधी फळ्या ठोकून बघा

रिची स्ट्रीटवर ड्रायव्हर, क्रॉसओव्हर हवे तसे मिळतात. आपल्या चेन्नईकर हौशी मंडळींचं गाडं अडतं ते पेटीपाशी. फळ्याच थरथरल्या तर खर्ज नुसता घुमतो.

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो; 12 ऐवजी 18 मिमी घेतली की तिपटीहून जास्त. आत आडवी पट्टी द्या, पण बरोबर मध्यावर नको, जरा सरकवून. एमडीएफच्या कापलेल्या कडा इथल्या दमट हवेत फुगतात. मी म्हणेन, आयएस 710 चं मरीन प्लायच घ्या.

आणि नुसत्या ताठपणाने भागत नाही. ताठ फळीही थरथरते, फक्त वरच्या सुरात, आणि तिथे कान जास्त तिखट! म्हणून बीबीसीने 1970च्या दशकात एलएस 3/5ए या स्पीकरसाठी पातळ, 12 मिमी बर्च प्लाय वापरून आतून बिटुमेनचे थर चिकटवले. कंपन त्यातच उष्णता होऊन जिरतं. (आत भरलेला कापूस हे काम करत नाही, तो हवेतला आवाज शोषतो.)

गाडीच्या दारांना लावतात त्या डॅम्पिंग शीट जनरल पॅटर्स रोडवर विचारा. रोलरने घट्ट दाबा, खाली हवा राहू देऊ नका. मग बोटाच्या पेराने ठोका: ‘टण्ण’ आलं तर अजून एक थर, ‘ठप्प’ आलं तर पेटी बंद करा.