संगणक सारखा बंद पडतो? आधी रॅम तपासा

२०२३ मध्ये पांढुर्णा-सौंसरचा वेगळा जिल्हा झाला, तरी संगणक बिघडला की आपल्यापैकी बरेचजण पेटी उचलून नागपूर गाठतात. तिथे "फॉरमॅट करा" किंवा "नवीनच घ्या" असे ऐकायला मिळते. लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, शेतीचा हिशेब त्यातच असतो. म्हणून घाई करण्याआधी रॅम घरीच तपासून घ्यावी, असे आम्ही सुचवतो.

आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम आणि रॅम म्हणजे काउंटरवरचे टेबल. टेबल लहान असेल तर काम रेंगाळते. टेबलच मोडके असेल तर नोंदी चुकतात. हे दोन आजार वेगळे आहेत.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी सतत ९० टक्क्यांवर दिसली तर रॅम कमी पडते आहे. मात्र निळा पडदा येणे, आपोआप रीस्टार्ट होणे, चालू करताना बीप वाजणे, चांगल्या फाइल न उघडणे ही खराब रॅमची लक्षणे असू शकतात. अशा वेळी महत्त्वाचे काम थांबवा. जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप घेऊ नका. खराब रॅममुळे प्रतही बिघडू शकते.

आता दुरुस्ती. संगणक बंद करून वायर काढा. पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. क्लिप उघडून रॅम काढा. सोनेरी पट्टी मऊ खोडरबराने हलके पुसा, कचरा झटका आणि खाच जुळवून क्लिप बसेपर्यंत दाबा. धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांमुळे आलेला दोष बऱ्याचदा एवढ्यानेच जातो.

नंतर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवा. एकही चूक दाखवली तर हिशेब जुळवताना करतो तसेच करा: एका वेळी एकच पट्टी लावून तपासा. चांगली पट्टीही एका जागी चुकत असेल तर दोष स्लॉटचा.

नवी पट्टी घ्यायची असेल तर जुनी सोबत न्या. डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही. एका पट्टीची किंमत नव्या संगणकापेक्षा खूपच कमी असते आणि फोटोही जागच्या जागी राहतात.