पाठीमागचा डोळा

चेन्नईच्या एग्मोर भागात, पँथिऑन रस्त्यावर, १८५१ साली स्थापन झालेले शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेथील कांस्यमूर्तींचे दालन पाहण्यासाठी शाळांच्या सहली येतात. याच भागात लहान मुलांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे आणि १९०८ सालापासून उभी असलेली रेल्वेस्थानकाची इमारतही आहे. त्यामुळे येथे दोन गोष्टींना तोटा नाही : लांबलचक वाहने आणि पायी चालणारी मुले. बस मागे घेण्याची वेळ आली की मदतनीस खाली उतरतो, पत्र्यावर थाप मारतो आणि ‘वरलाम्, वरलाम्’ असे ओरडत चालकाला वाट दाखवतो. महाराष्ट्रात ट्रकच्या मागे उभा राहिलेला क्लीनर ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो, त्याचाच हा तमिळ अवतार. चालकाला मागचे दिसत नाही, हे या हाकेत दोघांनीही मान्य केलेले असते.

दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही, याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. समजा, बसचालकाचे डोळे जमिनीपासून २.२ मीटर उंचीवर आहेत आणि त्याच्या मागे दहा मीटरवर असलेल्या काचेची खालची कड १.६ मीटर उंचीवर आहे. डोळ्यापासून त्या कडेपर्यंत जाणारी दृष्टिरेषा दहा मीटरांत साठ सेंटिमीटर खाली उतरते. एक मीटर उंचीच्या मुलाच्या डोक्यापर्यंत पोहोचण्यासाठी तिला आणखी साठ सेंटिमीटर उतरावे लागेल, म्हणजे आणखी दहा मीटर मागे जावे लागेल. याचा अर्थ असा की, मान वळवून काचेतून पाहणाऱ्या चालकालाही बसच्या पाठीमागे दहा मीटरांपर्यंत ते मूल दिसणार नाही. बाजूचे आरसे बसच्या दोन्ही कडा दाखवतात. नेमका मधला पट्टा ते दाखवू शकत नाहीत. अनेक बसगाड्यांना तर मागे काचच नसते, किंवा असली तरी ती सामानाने झाकलेली असते.

मार्च २०२२ मध्ये चेन्नईतील एका शाळेच्या आवारात दुसरीत शिकणारा मुलगा शाळेच्याच व्हॅनखाली सापडून मरण पावला. त्यानंतर त्याच वर्षी तामिळनाडू शासनाने शालेय बसगाड्यांच्या नियमांत बदल केला आणि वाहनाच्या पुढे व मागे कॅमेरे आणि मागील बाजूस इशारा देणारे संवेदक बसवणे बंधनकारक केले. देशभरातील नव्या मोटारींना मागचे संवेदक १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झालेले होते. मात्र संवेदक अंतर मोजतो आणि टिंटिं वाजतो. समोर विटांचा ढीग आहे की चेंडू उचलायला वाकलेले मूल, हे त्याला सांगता येत नाही. ते काम कॅमेऱ्याचे.

मागे पाहणाऱ्या कॅमेऱ्याची कल्पना तशी जुनी आहे. ब्यूक कंपनीने १९५६ साली प्रदर्शनासाठी बनवलेल्या ‘सेंच्युरियन’ या मोटारीत आरशाऐवजी दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि छोटा पडदा होता. ती मोटार विक्रीला आली नाही. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला आणि मागचा गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत पडद्यावर चित्र दिसले पाहिजे, अशी अट घालण्यात आली. विशेष म्हणजे हा नियम सुमारे ४,५३६ किलोग्रॅमपर्यंतच्या वाहनांनाच लागू आहे आणि वाहनाच्या मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या गाड्यांना तो लागू नाही. ज्यांना मागचे सर्वांत कमी दिसते, त्यांनी आपली सोय आपणच करावी, असा त्याचा अर्थ झाला.

अशा वाहनांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. बस हे एकसंध वाहन आहे. प्रवासासाठी मोटारीला जोडून नेण्याचे चाकांवरचे घर, म्हणजे ओढकॅरॅव्हान, हे दोन तुकड्यांचे वाहन आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित राहिलेला नाही. उसाची ट्रॉली ओढणारा कोल्हापूरकडचा ट्रॅक्टरचालक मात्र या वाहनाचा स्वभाव फार आधीपासून ओळखतो. मागे घेताना चाक डावीकडे वळवले की ट्रॉलीचे शेपूट उजवीकडे जाते, आणि वेळीच सावरले नाही तर ट्रॅक्टर व ट्रॉली यांची कात्रीसारखी घडी होते. येथे कॅमेरा शेपटाच्या टोकाला असतो. शेपटामागे काय आहे, हे तो दाखवतो. घडी होत आहे की नाही, हे दाखवत नाही. त्यासाठी आरसेच पाहावे लागतात.

हा भेद कॅमेरा निवडतानाही उपयोगी पडतो. बाजारात ‘बिनतारी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि तार नसणे म्हणजे कटकट नसणे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात बिनतारी कॅमेऱ्यालाही वीज लागते आणि ती तारेनेच न्यावी लागते. तार वाचते ती केवळ चित्र वाहून नेणारी. बसमध्ये मागून पुढे बारा मीटर तार नेण्यासाठी आतले पत्रे व आसने काढावी लागतात, गाडी एखाददुसरा दिवस रस्त्याबाहेर राहते, हे खरे. तरीही शाळेच्या बससाठी तो त्रास एकदाच घेऊन तारेचा कॅमेरा बसवणेच श्रेयस्कर. बिनतारी कॅमेऱ्याची खरी जागा ओढगाडीवर आहे. ती रोज जोडली जाते, रोज सोडली जाते. तेथे चित्राच्या तारेचा सांधा धूळ, पाणी आणि हिसके यांपुढे फार काळ टिकत नाही.

बिनतारी संचात मागे कॅमेरा व प्रक्षेपक आणि पुढे ग्राहक व पडदा असे भाग असतात. मधले अंतर रेडिओलहरी पार करतात. यातील बहुसंख्य संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे २००५ सालापासून परवान्याशिवाय वापरता येतात. म्हणूनच तेथे गर्दी आहे. एग्मोरसारख्या ठिकाणी हॉटेले, प्रवासी कार्यालये आणि घराघरांतील वायफाय याच पट्ट्यात बोलत असतात. जुन्या धाटणीच्या ॲनालॉग संचात या गर्दीमुळे चित्रावर पट्टे उमटतात. क्वचित शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कॅमेऱ्याचे चित्रही आपल्या पडद्यावर येते. डिजिटल संचात कॅमेरा आणि पडदा यांची आधी जोडी जमवलेली असते आणि दोघे ठरलेल्या क्रमाने वारंवारता बदलत राहतात. परक्या चित्राचा धोका त्यामुळे राहत नाही. ॲनालॉग संच स्वस्त मिळतो, पण या कामासाठी तो घेऊ नये.

खोक्यावर छापलेल्या पल्ल्यावरही फार विसंबू नये. शंभर मीटरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युतचुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. परंतु विटांच्या भिंतीतून जाणारी लहर धातूच्या पत्र्यापुढे अडते. कॅरॅव्हानच्या भिंती ॲल्युमिनियमच्या असल्या तर लहरी बाजूने, खालून, खिडक्यांतून वाट काढत पुढे येतात आणि वाटेत क्षीण होतात. म्हणून प्रक्षेपकाची अँटेना पत्र्याच्या आत बंद न करता बाहेर किंवा फायबरच्या भागामागे ठेवावी आणि ग्राहकाची अँटेना पुढच्या काचेजवळ आणावी. संच कायमचा बसवण्याआधी कॅमेरा नुसता चिकटपट्टीने लावून, इंजिन चालू ठेवून, गजबजलेल्या रस्त्यावर एक फेरी मारून पाहणे सर्वांत शहाणपणाचे. भोक पाडल्यावर पश्चात्ताप करण्यात अर्थ नसतो.

एग्मोरला लागूनच पुदुपेट आहे. मोटारींचे जुने सुटे भाग मिळण्यासाठी ही पेठ प्रसिद्ध आहे. नव्या साधनांसाठी लोक जनरल पॅटर्स रस्त्याकडे वळतात. अशा बाजारात दुकानदाराला विचारण्याचा पहिला प्रश्न किमतीचा नसून विजेच्या दाबाचा असावा. मोटारींची विद्युतव्यवस्था १२ व्होल्टची असते. मोठ्या बसगाड्यांची व ट्रकांची बहुधा २४ व्होल्टची. केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेला कॅमेरा २४ व्होल्टवर जोडला की जळतो. दोन्ही दाबांवर चालणारे संच मिळतात, तेच घ्यावेत. दुसरा प्रश्न पाण्याचा. ‘आयपी ६७’ या खुणेतील सहाचा आकडा धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवतो. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाले तरी पाणी आत शिरणार नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चेन्नईवर कोसळणारा पाऊस लक्षात घेता यापेक्षा कमी दर्जा चालणार नाही. भिंगाच्या रुंदीचा मात्र विचार उलटा करावा लागतो. जितके रुंद दिसेल तितके चांगले, असे वाटते. पण फार रुंद भिंगातून जवळची वस्तू दूर असल्याचा भास होतो. साधारण १२० ते १५० अंशांचा कोन पुरेसा आहे. काळोखात दिसण्यासाठी अवरक्त दिवे असलेला कॅमेरा घ्यावा. त्याचे रात्रीचे चित्र कृष्णधवल असते, हा दोष नव्हे.

कॅमेरा वाहनाच्या मागे मध्यभागी, शक्य तितक्या उंचावर बसवावा आणि चित्राच्या तळाशी बंपरची कड दिसेल इतका खाली झुकवावा. कड दिसली नाही, तर कडेला चिकटून उभे असलेले मूलही दिसणार नाही. पत्र्यातून तार आत घेताना भोकाच्या कडेला रबरी कडे बसवावे, म्हणजे पत्रा तारेला कापणार नाही. बाहेरची तार भोकाच्या खाली थोडी लोंबती ठेवून मग वर वळवावी. पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत न जाता त्या वळणावरून खाली गळते.

वीज कोठून घ्यावी, हा बारीकसा वाटणारा मुद्दा खरे तर सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक मिस्त्री मागच्या गिअरबरोबर लागणाऱ्या दिव्याची तार पकडतात. ते सोपे असते. पण मग गिअर टाकल्यावरच कॅमेरा जागा होतो, पडद्याशी जोडी जमवतो आणि चित्र यायला काही सेकंद जातात. घाईतला चालक तेवढ्यात गाडी हलवतो. ओढगाडीच्या बाबतीत मागील कडेच्या दिव्यांची तार घेतली, तर दिवे लावताच कॅमेरा सुरू होतो आणि हमरस्त्यावर मागून येणारी वाहनेही दिसत राहतात. तार कोणतीही घेतली तरी संचासोबतच्या पत्रकात सांगितलेला फ्यूज मध्ये टाकायला विसरू नये.

पडद्यावरील हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रेषांचे काय करायचे? त्या रेषा सहसा लहान मोटारीच्या उंचीसाठी आखलेल्या असतात. कॅमेरा अडीच मीटर उंचीवर गेला की तांबडी रेषा दाखवते ते अंतर खरे राहत नाही. सपाट जागी गाडी उभी करून मागे एक, दोन आणि तीन मीटरवर विटा ठेवाव्यात आणि त्या चित्रात कोठे येतात ते पाहून रेषा जुळवाव्यात. जुळवण्याची सोय नसेल, तर पडद्याच्या कडेला रंगाने खुणा कराव्यात. चित्र आरशासारखे उलटे लावले आहे का, हेही याच वेळी तपासावे. गाडीच्या डाव्या अंगाला उभा राहिलेला माणूस पडद्यावरही डावीकडेच दिसला पाहिजे.

बिनतारी चित्राला थोडा उशीर होतो. तो पाव सेकंदाहून कमी असला तरी गौण नाही. ताशी पाच किलोमीटर वेगाने मागे येणारी गाडी ०.२ सेकंदांत सुमारे २८ सेंटिमीटर सरकते. पडद्यावर दिसणारे जग नेहमी तेवढे मागे राहिलेले असते. याहून भयंकर म्हणजे गोठलेले चित्र. लहरी तुटल्या की काही संचांत शेवटचे चित्र तसेच पडद्यावर राहते. गल्ली रिकामी दिसत असते आणि दरम्यान तीत कोणीतरी शिरलेले असते. संच विकत घेतानाच प्रक्षेपक बंद करून पाहावा. पडदा काळा झाला किंवा इशारा देऊ लागला तर ठीक. शांतपणे जुने चित्र दाखवत राहिला तर तो संच परत करावा. गाडी हलत असताना पडद्यावरची जमीन सरकताना दिसली नाही, तर तत्क्षणी ब्रेक दाबावा आणि मदतनिसाला खाली उतरवावे. मागे कोणाला धोका नाही याची खात्री करण्याची जबाबदारी कायद्याने चालकावरच आहे, कॅमेऱ्यावर नाही.

देखभाल म्हणाल तर ती एका ओल्या फडक्याची. समुद्रावरील खारे वारे भिंगावर पातळ पापुद्रा धरतात आणि पावसात चिखलाचे शिंतोडे उडतात. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी भिंग पुसावे. महिन्यातून एकदा तारेचे सांधे उघडून गंज चढला आहे का ते पाहावे, आणि पावसाळा संपल्यावर विटा पुन्हा मांडून रेषा तपासून घ्याव्यात, कारण हिसक्यांनी कॅमेऱ्याचा कोन थोडाथोडा ढळतो.