ज्ञानगंगा पाहायला निघालात? मुक्काम गावातल्या वाड्यात करताना हे माहीत असू द्या

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ २०१९ मध्ये सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ‘वॉकर’ म्हणून तो देशभर गाजला. त्यानंतर या जंगलाकडे पर्यटकांचे लक्ष वेधले गेले.

इथे काय दिसते?
अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे २०५ चौरस किलोमीटरवर पसरलेले हे शुष्क पानगळीचे जंगल आहे. त्याची खरी ओळख अस्वलांमुळे आहे. बिबट्या, नीलगाय, चिंकारा आणि तडसही इथे आढळतात. वाघ दिसेलच, या आशेने मात्र जाऊ नका.

घरगुती निवास म्हणजे काय?
केंद्राच्या नियमांनुसार नोंदणीकृत होमस्टेमध्ये १ ते ६ खोल्या भाड्याने देता येतात आणि मालकाचे कुटुंब तिथेच राहणे आवश्यक असते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. जुन्या वाड्याची डागडुजी खर्चाची असते. पाहुण्यांचे पैसे थेट घरात आले, तर तो पाडण्याऐवजी टिकवणे मालकाला परवडते. बुकिंगपूर्वी नोंदणी आहे का, स्वच्छतागृह कसे आहे आणि जेवणाचा दर वेगळा आहे का, हे विचारून घ्या.

यजमानाची बाजू कोणती?
पाहुण्यांना ज्याचे अप्रूप, तेच अस्वल शेतकऱ्यासाठी धोका असते. रात्रीच्या विजेवर ओलित करायला गेलेल्यांची अस्वलाशी गाठ पडते. बोरे आणि मोहफुले खायलाही अस्वले जंगलाबाहेर येतात. त्यामुळे ‘अस्वल दाखवा’ म्हणून यजमानाला रात्री शिवारात नेण्याचा आग्रह धरू नका.

काय पाळाल?
- अंधार पडल्यावर एकटे बाहेर पडू नका. सोबत बॅटरी ठेवा.
- उरलेले अन्न उघड्यावर टाकू नका.
- बोथा घाटात गाडी थांबवून प्राण्यांचे फोटो काढू नका.
- जंगलात वन विभागाच्या परवानगीनेच जा.

आणखी काय पाहाल?
लोणारचे उल्का सरोवर २०२० पासून रामसर स्थळ आहे. जिजाऊंचे जन्मस्थान असलेला सिंदखेडराजा येथील लखुजीराव जाधवांचा राजवाडाही याच जिल्ह्यात आहे. दोन रात्री हाताशी असतील, तर जंगल आणि इतिहास दोन्ही निवांत पाहता येतात.